रिपोर्टमध्ये दोन्ही औषधांपुढे आर, तरी दोन्ही एकत्र का देतायत?

नगरकर: बाबा आयसीयूत आहेत, ब्लड कल्चरमध्ये क्लेब्सिएला नावाचा जंतू निघालाय आणि मेरोपेनेमसकट जवळजवळ सगळ्या अँटिबायोटिकपुढे आर (रेझिस्टंट, म्हणजे औषध चालत नाही) आहे. कालपासून सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम आणि अझट्रिओनाम अशी दोन इंजेक्शनं चालू केलीत, पण रिपोर्ट नीट बघितला तर ह्या दोघांपुढेही आरच! जे एकेकटं चालत नाही ते एकत्र करून काय होणार? महागडी आहेत, पैसे उभे करू, पण कळलं तर पाहिजे ना. कुणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

लॅबवाली_ताई: दादा, घाबरू नका, ह्यात खरंच अर्थ आहे. बहुतेक तुमच्या जंतूत एनडीएम नावाचं एन्झाइम असणार, आपल्याकडे ते खूप सापडतं. ते मेरोपेनेम तोडतं, सेफ्टाझिडिम तोडतं, पण अझट्रिओनाम त्याला तोडता येत नाही. मग अझट्रिओनामपुढे आर का, तर त्याच जंतूत ईएसबीएलसारखी दुसरी एन्झाइम्स असतात ती त्याला तोडतात, आणि तुमच्या पहिल्या इंजेक्शनमधलं अविबॅक्टम नेमकं त्यांनाच अडवतं. म्हणजे मारायचं काम अझट्रिओनामचं, त्याला वाचवायचं काम अविबॅक्टमचं. लॅबमध्ये हे तपासता येतं, दोन्हीच्या डिस्क (औषध लावलेल्या छोट्या चकत्या) जंतू घातलेल्या एकाच ट्यूबमध्ये टाकून रात्रभर ठेवतो, एकेकट्या डिस्कच्या ट्यूब जंतू वाढून गढूळ होतात आणि एकत्रवाली नितळ राहते. तुमच्याकडे ही टेस्ट केलीय का विचारा.

सोलापूरची_स्नेहा: आमच्या आईला ॲसिनेटोबॅक्टर नावाचा जंतू होता, तेव्हा कोलिस्टिन आणि मेरोपेनेम ही दोन्ही अँटिबायोटिक दिलेली. गंभीर इन्फेक्शनला दोन कधीही चांगलीच ना?

लॅबवाली_ताई: नाही हो स्नेहाताई, हे सरसकट धरू नका. तुम्ही म्हणताय त्याच जोडीचा मोठा ट्रायल झालाय, एआयडीए, 2018 ला आला, इस्रायल, ग्रीस आणि इटलीतले 406 पेशंट, बहुतेकांना ॲसिनेटोबॅक्टरच होता. नुसतं कोलिस्टिन आणि कोलिस्टिन अधिक मेरोपेनेम, 14 दिवसांनी बघितलं तर फारसा फरक नाही. नगरकरांच्या बाबांच्या जोडीला कारण आहे म्हणून ती द्यायची. आणि कोलिस्टिन चालू असेल तर क्रिएटिनिनवर (किडनीच्या रक्ततपासणीवर) लक्ष हवंच, किडनीला त्रास होतो.

नगरकर: खूप खूप आभार ताई. एकच, इथे एक संपल्यावर काही तासांनी दुसरं लावतायत, चालतं का?

लॅबवाली_ताई: दोन्ही एकाच वेळी चालू असलेली बरी, अविबॅक्टम अंगात असतानाच अझट्रिओनामचा उपयोग. आज राउंडला डॉक्टरांना हे विचाराच, स्वतःहून सिस्टरना वेळ बदलायला सांगू नका.