कपाटात ठेवायच्या डेटासाठी एसएसडी नको

पाणवठा:
लग्नाचे व्हिडिओ, कॅसेटवरून उतरवून घेतलेला आजोबांचा आवाज, स्कॅन केलेले जमिनीचे कागद... हल्ली लोक हे सगळं छोट्याशा एसएसडीवर, म्हणजे चिपमध्ये डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हवर, घेतात आणि कपाटात ठेवून विसरतात. माझं स्पष्ट मत, असं करू नका.

एसएसडीत डेटा म्हणजे सूक्ष्म पेशींत कोंडलेला विद्युतभार. वीज नसली की तो हळूहळू गळतो, उष्णतेत जास्तच. स्वस्तातल्या क्यूएलसी ड्राइव्हमध्ये एका पेशीत ४ बिट, म्हणजे भाराच्या १६ पातळ्या वेगळ्या ओळखायच्या. तिथे थोडी गळतीही महागात पडते. मेमरी चिपची मानकं ठरवणाऱ्या जेडेक संस्थेचं मानक घरगुती एसएसडीकडून एवढंच मागतं, की वीज नसताना ३० अंश सेल्सिअसला डेटा १ वर्ष टिकावा. मे महिन्यात विदर्भातल्या बंद घराचं तापमान किती असतं, ते सांगायला नको. हार्ड डिस्कवरच्या चुंबकीय नोंदीला टिकायला वीज लागत नाही, आणि तेवढ्याच पैशात जागाही जास्त मिळते. दोन हार्ड डिस्क घ्या.

कातळ:
मानक अर्धंच सांगितलंत. ते १ वर्ष आहे लेखनक्षमता, म्हणजे एकूण किती डेटा लिहिता येईल ती मर्यादा, पूर्ण वापरून झालेल्या ड्राइव्हसाठी. नवी एसएसडी एकदाच भरून ठेवली तर ती त्याहून बरीच जास्त टिकते.

मी रत्नागिरीत दुरुस्तीच्या काउंटरवर बसतो. माझ्याकडे येतात त्या टेबलावरून पडलेल्या हार्ड डिस्क. आतलं डेटा वाचणारं-लिहिणारं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, चालू असताना धक्का बसला की ते तबकडीवरच टेकतं. बऱ्याच पोर्टेबल डिस्कचा यूएसबी पोर्ट तर थेट सर्किट बोर्डावर असतो, त्यामुळे तो तुटला की डिस्क काढून दुसऱ्या खोक्यात घालायची सोय नाही. त्यात कोकणातला चार महिन्यांचा दमटपणा. पडणं, आपटणं हे घरोघरी होतं, आणि ते एसएसडी सहन करते.

पाणवठा:
लेखनक्षमतेचा मुद्दा मान्य. पण लोक नवी एसएसडी कपाटात ठेवत नाहीत, लॅपटॉपमधून काढलेली जुनी ठेवतात. ती किती झिजली आहे ते कोण बघतं? शिवाय एसएसडीचा कंट्रोलर, म्हणजे तिचा कारभार बघणारी चिप, गेला की बहुधा सगळं एका क्षणात जातं. हार्ड डिस्क बऱ्याचदा आधी कुरकुरते, संथ होते, सावध व्हायला वेळ देते. दमटपणावर हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, एवढ्यात भागतं.

निशिगंध:
दोघंही खोक्यावरून भांडताय. घराला आग लागली किंवा पुराचं पाणी शिरलं तर दोन डिस्क एकत्रच जाणार. क्लाउडवर ठेवा, विषय मिटवा.

कातळ:
क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतल्या डिस्कच. १० मार्च २०२१ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं एक अख्खं डेटा सेंटर जळालं. ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता, त्यांच्यातल्या अनेकांचा डेटा कायमचा गेला. आणि फुकटावर विसंबू नका. गूगल फोटोजची अमर्याद मोफत जागा १ जून २०२१पासून बंद झाली.

निशिगंध:
म्हणूनच मी क्लाउड ही दुसऱ्या गावची प्रत म्हणते, एकमेव प्रत नव्हे. पैसे भरून घ्यावी.

वाळवण:
मला एसएसडी की हार्ड डिस्क यापेक्षा मोठी काळजी वेगळीच वाटते. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या चार-पाच वाटा होत्या, ऐन वेळी त्या कुचकामी ठरल्या. कित्येक दिवस बॅकअप तयारच होत नव्हते आणि कोणाला पत्ता नव्हता. हाताशी आली ती साधारण ६ तासांपूर्वी एकाने सहज घेतलेली प्रत. तज्ज्ञांचं हे झालं, तर घरी आपण कधी जुनी डिस्क लावून फाइल उघडून बघतो का? कॉपी करतानाच प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्यातल्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा, काढून ठेवा आणि वर्षातून एकदा सगळ्या फाइली त्याच्याशी ताडून बघा. नुसती फोल्डरची यादी दिसली म्हणजे आतलं शाबूत आहे असं नव्हे.

पाणवठा:
हे पटलं, आणि यातून माझं म्हणणं बळकटच होतं. वर्षातून एकदाही न लावली जाणारी डिस्क एसएसडी असू नये.

कातळ:
मला उलट दिसतं. दरवर्षी काढायची, लावायची, हाताळायची, तर पडण्याची शक्यता वाढलीच. दोन प्रती कबूल, पण दोन्ही हार्ड डिस्क नकोत. एकाच कंपनीच्या एकाच लॉटच्या तर मुळीच नकोत, दोष असला तर दोन्हींत तोच असतो. एक हार्ड डिस्क, एक एसएसडी.

पाणवठा:
चालेल, पण ती एसएसडी रोजच्या संगणकात जोडलेली असू द्या. कपाटात हार्ड डिस्कच.