हो-नाहीची कोडी मित्रांमध्ये रंगवायची कशी?

प्रश्न (जळगावकर)

आमची मित्रमंडळी हिवाळ्यात कुणाच्या तरी शेतावर भरीत पार्टीसाठी जमते. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला टाकल्यापासून पंगत बसेपर्यंत जो वेळ मिळतो, त्यात आम्ही हो-नाहीची कोडी खेळतो. एकाने चमत्कारिक वाटणारा प्रसंग सांगायचा, इतरांनी प्रश्न विचारायचे आणि सांगणाऱ्याने ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘संबंध नाही’ एवढेच उत्तर द्यायचे, असा हा खेळ आहे. अडचण अशी की बहुतेक प्रसिद्ध कोडी कुणाला तरी आधीच ठाऊक असतात, आणि जी नसतात त्यांचे उत्तर ऐकल्यावर ‘हे आम्ही ओळखायचे तरी कसे?’ असा वाद सुरू होतो. दहाव्या मजल्यावर राहणारा माणूस एरवी लिफ्टने सातव्या मजल्यापर्यंतच जातो आणि पुढे जिने चढतो, या कोड्यावरून तर जेवण होईपर्यंत भांडण चालले. कोडे रास्त आहे की नाही हे कशावरून ठरवावे, आणि सांगणाऱ्याने कोणते पथ्य पाळावे?

उत्तर १ (निवृत्त शिक्षक, अमळनेर)

आपण दिलेले लिफ्टचे कोडे मुळात रास्त आहे, परंतु आपण लिहिले तसेच ते सांगितले गेले असेल, तर भांडण होणे स्वाभाविक आहे. मूळ कोड्यात आणखी एक वाक्य असते : पाऊस असेल त्या दिवशी तो थेट दहाव्या मजल्यापर्यंत जातो. माणूस बुटका असल्यामुळे त्याचा हात सातच्या बटणापर्यंतच पोहोचतो आणि पावसात हाती छत्री असल्यामुळे त्याला दहाचे बटण दाबता येते, हे उत्तर त्या एका वाक्यावर उभे आहे. ते वाक्य गाळले की बुटकेपणाकडे नेणारी वाटच उरत नाही.

अशी कोडी सोडवताना नेहमीची वाट सोडून आडवळणाने विचार करावा लागतो. एडवर्ड डी बोनो या लेखकाने 1967 साली या विचारपद्धतीला ‘लॅटरल थिंकिंग’ असे नाव दिले, तेव्हा त्यांचा रोख असा होता की माणूस ज्या गृहीतकावर उभा आहे तेच न तपासता पुढे तर्क करत राहतो. त्याच्या आधीचा, मानसशास्त्रज्ञ कार्ल डंकर यांचा मेणबत्तीचा प्रयोग मला या बाबतीत अधिक बोलका वाटतो. मेणबत्ती, टाचण्यांनी भरलेली पेटी आणि काड्यापेटी देऊन, मेण खाली सांडणार नाही अशा रीतीने मेणबत्ती भिंतीवर लावायला सांगितले होते. पेटी रिकामी करून भिंतीला टाचायची आणि तिच्यावर मेणबत्ती ठेवायची, हे उत्तर. पण पेटी टाचण्यांनी भरलेली असताना ते थोड्यांना सुचले आणि त्याच वस्तू पेटी रिकामी करून समोर ठेवल्या तेव्हा पुष्कळांना सुचले. वस्तू त्याच, फरक केवळ मांडणीचा.

म्हणून माझी कसोटी साधी आहे : उत्तर कळल्यावर ऐकणाऱ्याने कोड्यातले वाक्यन्‌वाक्य तपासावे, प्रत्येक वाक्य खरे निघावे आणि खोटी भर आपणच घातली होती हे त्याला पटावे.

उत्तर २ (भुसावळची सून)

सरांच्या म्हणण्यात एक गोष्ट जोडते. कोडे कुणासमोर सांगायचे, यावरही पुष्कळ अवलंबून असते. आमच्याकडचे एक देते.

एक बाई आगगाडीत इंजिनाच्या दिशेला तोंड करून बसली आणि तिला झोप लागली. जाग आली तेव्हा ती त्याच जागी, तशीच बसलेली होती, पण गाडी तिच्या पाठीच्या दिशेने धावत होती. ती जराही घाबरली नाही आणि ठरलेल्या गावी उतरली.

वाटेतल्या जंक्शनवर इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकाला लागले, एवढेच उत्तर आहे. आमच्या गावात, जिथे घराआड एक रेल्वेवाला आहे, हे कोडे फुकट जाते. माहेरी नंदुरबारकडच्या खेड्यात मात्र ते चांगले रंगले. त्यात एकाने ‘गाडी परत फिरली का?’ असे विचारले. ‘हो’ म्हणावे तर तो भलतीकडे जाणार, ‘नाही’ म्हणावे तर तेही पुरते खरे नाही. अशा वेळी ‘दिशा उलटली, पण आलेल्या मार्गाने नाही’ असे नियमाबाहेरचे उत्तर द्यावे, असे माझे मत आहे.

उत्तर ३ (धुळेकर)

ताईंशी सहमत आहे; मात्र कसोट्या फार कडक केल्या तर खेळाची परीक्षा होईल, असे वाटते. ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याने ते गुपचूप सांगणाऱ्याच्या कानात सांगून त्याच्या बाजूला बसावे आणि उत्तरे देण्यास मदत करावी, म्हणजे त्याचाही वेळ बरा जातो. मोबाइल गोळा करून एका पिशवीत ठेवावेत. खुनाची आणि आत्महत्येची कोडी, जी या प्रकारात फार आहेत, घरातली मोठी माणसे आणि मुले असताना टाळावीत.

परदेशी कोडी आपल्याकडची करून सांगण्यास हरकत नाही. गुत्त्यात पाणी मागणाऱ्यावर मालक बंदूक रोखतो आणि तो माणूस आभार मानून निघून जातो, हे कोडे मी उसाच्या रसवंतीवर आणले आणि बंदुकीच्या जागी कोयता दिला. उत्तर उचकीचे : पाणी उचकीसाठी हवे होते आणि दचकल्याने ती थांबली. गंमत अशी की उचकी हे उत्तर सापडल्यावरही ‘मग त्याची आठवण कुणी काढली होती?’ या प्रश्नावर मंडळी बराच वेळ अडून बसली.

उत्तर ४ (रावेरचा शेतकरी)

माझ्याकडून एक, खास बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी. एका माणसाने जोपासलेल्या झाडाला भरघोस फळ आले आणि भावही चांगला मिळाला. तरी फळ उतरवल्यावर त्याने ते निरोगी झाड बुंध्यातून कापून टाकले. पुढे तिथे काहीही न लावता त्याच जागेवरून त्याने पुन्हा फळ उतरवले.

आपल्या भागात हे कोडे उच्चारू नये, कारण केळीचे एक खोड एकदाच घड देते आणि पुढचा घड बुडाशी फुटलेल्या पिलावर येतो, हे इथे पोरासोरांना ठाऊक आहे. पुण्याचे पाहुणे मात्र पहिला प्रश्न हमखास भाऊबंदकीच्या वादाचा विचारतात, आणि नंतर झाडाला कीड लागली होती का, जमीन सरकारने घेतली का, असे विचारत जातात. ‘झाड आंब्याएवढे जुने होते का?’ असे कुणी विचारले की समजावे, आता उत्तर जवळ आले.

प्रश्नकर्ता (जळगावकर)

सर्वांचे आभार. पावसाचे वाक्य आमच्याकडे खरोखरच गाळले गेले होते. येत्या पार्टीला नाशिकचे दोन मित्र येणार आहेत, त्यामुळे केळीचे कोडे त्यांच्यासाठी राखून ठेवतो. आमच्यातल्या यावलच्या मित्राला मात्र आधीच उत्तर देणाऱ्याच्या बाजूला बसवावे लागेल.