प्रति: भाषेच्या शिक्षकांना तपासायला कोण शिकवणार?

या चर्चेत वर कुणी सुचवलंय की मूल्यमापनावर शिक्षकांचं आणखी एक प्रशिक्षण घ्यावं. घ्या की! पण स्लाइड बघून तपासणं येत नाही. आकारिक (शिकताशिकता, वर्षभर होणारं मूल्यमापन) आणि संकलित (सत्राअखेरचं) हे शब्द २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हापासून सगळ्यांना पाठ आहेत.

आम्ही पुण्यातले काही मराठीचे शिक्षक सहामाहीनंतर एक उद्योग करतो. एकच निबंध, नाव झाकून, झेरॉक्स काढून प्रत्येकाने वेगळा तपासायचा आणि मग गुण शेजारीशेजारी मांडायचे. दहापैकी कुणी चार देतं, कुणी आठ. खरी मजा पुढच्या भांडणात. एक बाई ऱ्हस्व-दीर्घाला गुण कापतात, एक सर विचाराला देतात, आणि सुबक अक्षराला तर सगळेच भुलतात. भांडण मिटेपर्यंत निकष कागदावर उतरलेले असतात, तेही आमच्या भाषेत, परिपत्रकाच्या नव्हे.

तोंडी परीक्षेचं दुखणं वेगळं. दहावीला भाषेचे अंतर्गत, म्हणजे तोंडी परीक्षेचे वगैरे शाळेनेच द्यायचे, २० गुण २०१९च्या परीक्षेत नव्हते. राज्याचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला आणि पुढच्या वर्षी ते गुण परतले. अभ्यासक्रमही नवा होता, मान्य. तरी सरसकट अठरा-एकोणीस वाटले, तर मूल बोलतं कसं हे त्यातून कळणार कसं? दोन मिनिटं बोलू द्या, मोबाइलवर रेकॉर्ड करा, दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकाला ऐकवा.

साठ मुलांच्या वर्गात हे वेळापत्रकात कसं बसवायचं, ते मात्र इथल्या मुख्याध्यापकांनी सांगावं.