जुना ट्रॅक्टर भरल्या ट्रॉलीसह उतारावरून नेताना काय चुकले?

प्रश्न : माझ्या जुन्या ट्रॅक्टरला संरक्षक चौकट (ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी) नाही आणि सीटबेल्टही नाही. परवा भरलेली ट्रॉली घेऊन उतरताना वेग वाढू लागला, म्हणून क्लच दाबून खालचा गिअर टाकायला गेलो. दात नुसते करकरले, गिअर पडलाच नाही आणि ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये सुटला. पुढे सपाटी होती म्हणून निभावले. ब्रेक नुकतेच दुरुस्त केले आहेत, तरीही मागची चाके घसरत होती आणि ट्रॅक्टर डावीकडे ओढला जात होता.

उत्तर १ : चूक माथ्यावरच झाली. जुन्या गिअरपेटीत सिंक्रोमेश (गिअर जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारी रचना) नसल्यामुळे चालत्या ट्रॅक्टरचा गिअर उतारावर बदलण्याची खात्री नसते. म्हणून वरच थांबून खालचा गिअर टाकावा आणि पायथा येईपर्यंत क्लचला पाय लावू नये. अशा ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. उतरताना भार पुढच्या चाकांवर सरकतो, त्यात मागून ट्रॉली ढकलते, त्यामुळे ब्रेक कितीही घट्ट असले तरी टायर घसरतात. डावीकडे ओढ बसत होती, तेव्हा मागच्या डाव्या आणि उजव्या चाकाची वेगवेगळी ब्रेक पेडल एकत्र जोडणारी खिट्टी आधी तपासा. ट्रॅक्टरपेक्षा जड, बिनब्रेकची ट्रॉली उतारावर नेऊच नये, असे माझे मत आहे.

उत्तर २ : चढावरचा धोका वेगळा आहे. ओढायची वस्तू ड्रॉबारलाच (ट्रॅक्टरच्या मागे खाली असलेल्या ओढदांड्याला) जोडावी. साखळी मागच्या एक्सलच्या वर अडकवून क्लच झटक्यात सोडला, तर पुढची चाके उचलली जातात आणि साधारण दीड सेकंदात ट्रॅक्टर पाठीवर येतो.

उत्तर ३ : गवतकापणीचे यंत्र लावत असाल तर आणखी एक गोष्ट. पीटीओ (जोडलेले यंत्र फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा) आणि चाके एकाच क्लचवर असतील, तर क्लच दाबल्यावरही जड पात्यांची गती पीटीओमधून उलटी येऊन ट्रॅक्टरला पुढे ढकलते. मला तर क्लचच गेला असे वाटले होते! एकाच दिशेने ओढ देणारे कपलिंग बसवल्यावर हा त्रास थांबला.

प्रश्नकर्ता : खिट्टी वाकलेली निघाली, ती दुसऱ्या पेडलवर बसतच नव्हती. निदान सीटबेल्ट तरी बसवून घेऊ का?

उत्तर १ : चौकटीशिवाय नको. ट्रॅक्टर उलटला तर माणूस त्याखाली बांधलेलाच राहतो. आधी त्या मॉडेलसाठी चाचणी झालेली चौकट घ्या, घरी वेल्डिंग केलेली नव्हे, आणि मग बेल्ट लावा.