मदत हवी आहे: एफझी-एस व्ही३ चा मागचा टायर गोटा झालाय, १४०/६० आर १७ च घ्यावा की १४०/७०?

मुलुंड_१७:
गाडी यामाहा एफझी-एस व्ही३, २०२२ ची. रीडिंग २८,६००. दोन्ही टायर कंपनीचेच आहेत. मागचा मधोमध सपाट झालाय आणि खाचांतल्या झिजखुणा रबराच्या पातळीला आल्या आहेत. पुढच्याची नक्षी बरी आहे, पण साइडवॉलला केसाएवढ्या भेगा दिसतात. त्याच्यावरचा निर्मितीचा कोड ४९२१ (२०२१ चा ४९ वा आठवडा). गाडी सोसायटीत उघड्यावर, उन्हात उभी असते.

वापर रोज मुलुंड ते अंधेरी, जेव्हीएलआरने (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड). अधूनमधून जुन्या हायवेने डबलसीट लोणावळा. पावसाळ्यातही गाडी बंद नसते.

टायरवाला म्हणतो, "१४०/६० रेडियल आता नाही, १४०/७० साधा घ्या. रुंदी तीच, जरा जाड, खड्ड्यात बरा आणि स्वस्तही." त्याच्याकडच्या टायरवर कोड ३८२३ आहे. बजेट दोन्हींचे मिळून साडेसहा हजार, थोडे वर गेले तर चालेल. प्रश्न तीन: १४०/७० बसवू का? पुढचाही आत्ताच बदलावा का? आणि मुंबईच्या पावसाला कोणता टायर बरा? जाणकारांनी सांगावे.

टॉर्क_पाना:
१४०/७० नको. रुंदी तीच हे खरे, पण दुसरा आकडा उंचीचा असतो. ६० म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६० टक्के, १४० च्या म्हणजे ८४ मिमी. ७० ची होते ९८ मिमी. १७ इंची रिम ४३१.८ मिमी. तुमच्या टायरचा एकूण व्यास सुमारे ६०० मिमी आणि त्याचा ६२८. गाडीचा मागचा भाग १४ मिमी वर जातो, चाकाचा घेर साडेचार टक्क्यांच्या वर वाढतो. म्हणजे गिअरिंग तेवढे लांबते, पिकअप मंदावतो, डबलसीटवर घाटात ते जाणवते. साइडस्टँडवर गाडी जास्त कलते. मडगार्ड आणि चेनकव्हरजवळ जागा तशीही थोडी, त्यात डबलसीट बसून खड्डा आला की टायर घासतो. उभ्या गाडीत बोटभर जागा दिसते ती सस्पेन्शन दबल्यावर राहत नाही, दुकानात हे कोणी बघत नाही.

मागचे लेबल पूर्ण वाचा: १४०/६० आर १७, पुढे ६३पी. ६३ हा भार-निर्देशांक, २७२ किलो. पी म्हणजे १५० किमी प्रतितास. पुढचा १००/८०-१७ ५२पी, ५२ म्हणजे २०० किलो. नवीन टायरचे हे दोन आकडे कंपनीच्या आकड्याइतके किंवा वर चालतात, खाली नाही.

भिजलेले_हेल्मेट:
टॉर्क_पाना यांच्याशी सहमत. बांधणीबद्दल थोडे: रेडियलमध्ये आतले धागे कडेपासून कडेपर्यंत सरळ असतात, साध्यात तिरके. पुढे साधा आणि मागे रेडियल ही जोडी यामाहानेच दिलीय, त्यामुळे "दोन्हीकडे एकच प्रकार हवा" हा सल्ला इथे जसाच्या तसा लागू होत नाही. करू नये ते उलटे: पुढे रेडियल, मागे साधा. साधा टायर वळणात वेगळा दबतो, वेगळा वळवळतो, आणि ताठ पुढच्यामागे असा मागचा लावला की गाडी वेगात डुलायला लागते. मागे रेडियलच ठेवा.

पुढचा बदलाच. भेगा साइडवॉलला असतील तर नक्षी किती उरलीय याला अर्थ नाही. रबर उन्हाने कडक होते, आणि कडक रबराची ओल्यातली पकड खाचा असूनही जाते. पावसात ब्रेकिंगचा मोठा वाटा पुढचे चाक उचलते. एबीएससुद्धा आहे तेवढीच पकड वापरतो, नसलेली आणत नाही.

किमी_मोजणारा:
रोजचा रस्ता सरळ आहे, त्यात काँक्रीट. मऊ कंपाउंड (रबराचे मिश्रण) घेतले तर मागचा टायर मधोमध पुन्हा लवकर सपाट होणार. मी तरी मागे मायलेजवालाच कडक टायर सुचवीन, पुढे हवा तर मऊ घ्या. टायर दर दोन वर्षांनी बदलायला परवडत नाहीत सगळ्यांना.

भिजलेले_हेल्मेट:
नागपूरला हा सल्ला चालेल. इथे जून ते सप्टेंबर रस्ता ओला, आणि नुसता ओला नाही. मेट्रोच्या कामावरच्या लोखंडी प्लेटा, पेव्हर ब्लॉक, झेब्राचे पांढरे जाड पट्टे, सिग्नलला बसखाली सांडलेले ऑइल. या जागांवर नक्षीचा उपयोग फार थोडा. नक्षी पाणी बाजूला काढते, लोखंडाला चिकटायचे काम रबराचे. तिथे सिलिका जास्त असलेले मऊ कंपाउंडच वाचवते, तेही पुरते नाही. प्लेटवर ब्रेक आणि वळण दोन्ही टाळा, टायर कोणताही असो.

मायलेज वाचवायचे तर हवा बघा. कमी हवेत कडा झिजतात, जास्त हवेत मध्य. मध्यच गेलाय म्हणजे बराचसा सरळ रस्त्याचा परिणाम, पण पेट्रोल पंपावर हवा जास्तही भरली जात असेल.

टॉर्क_पाना:
कंपन्यांबद्दल थोडक्यात. एमआरएफ, सिएट, टीव्हीएस युरोग्रिप, अपोलो, मिशेलिन यांत डोळे झाकून "हाच" असे काही नाही. आधी दुकानदाराला नेमकी साइज विचारा, १४०/६० आर १७ मध्ये पर्याय मुळात कमी. ज्यांच्याकडे मिळेल त्यात ताजा कोणता ते बघा, मग कंपनी. मुलुंडला नसेल तर कंपनीच्या डीलरकडून मागवून घ्या, नाहीतर कुर्ल्याला सीएसटी रोडवर चौकशी करा.

३८२३ म्हणजे २०२३ चा अडतिसावा आठवडा, सप्टेंबर. अडीच वर्षे गोदामात सावलीत पडलेला टायर बाद होत नाही. पण नव्याच्या किमतीला का घ्यायचा? शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, आणि जुन्या स्टॉकवर छापील किंमत जुनी असते. ती दाखवून "सूट देतो" म्हणणारे भेटतील. सहा-आठ महिन्यांच्या आतला मागा. आयएसआयची खूण बघा, भारतात विकल्या जाणाऱ्या टायरवर ती सक्तीची आहे.

मुलुंड_१७:
आभारी आहे. १४०/७० रद्द. दुसऱ्या एका दुकानात दोन्ही साइज मिळतायत, मागच्याचा कोड ०६२६, पुढच्याचा ५०२५. बसवताना काय बघू? तिथे मशीन नाही, लोखंडी पट्ट्यांनी उचकटून काढतात.

टॉर्क_पाना:
तारखा उत्तम. पट्ट्यांनी नको, विशेषतः मागचा. अलॉय रिमची कड ओरखडली की बीड (टायरची रिमवर बसणारी कड) नीट बसत नाही आणि रोज थोडी हवा जाते, मग महिनाभर पंक्चर शोधत बसा. टायर विकत घ्या आणि मशीनवाल्याकडे नेऊन बसवा, मजुरी वेगळी द्यावी लागली तरी.

समोर उभे राहून हे बघा. साइडवॉलवरचा बाण चाक फिरते त्या दिशेला. रंगीत ठिपका असेल तर तो वॉल्व्हपाशी, कारण तिथे टायर सर्वात हलका असतो. वॉल्व्ह दोन्ही नवीन, जुन्याचे रबर टायरइतकेच जुने आहे. रिमची आतली कड जुने रबर आणि गंज घासून साफ करायला लावा. बीडला साबणपाणी किंवा त्याचे खास वंगण. ग्रीस किंवा ऑइल लावू देऊ नका, टायर रिमवर सरकतो. हवा भरताना "टक टक" दोन आवाज येतात. नंतर टायरवर रिमलगत एक बारीक उंचवट्याची रेघ असते ती सगळीकडून रिमपासून सारख्या अंतरावर आहे का ते चाक फिरवून बघा. एका जागी आत गेली असेल तर हवा सोडून पुन्हा. साइडवॉलवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या वर नेऊन जबरदस्तीने बसवायचे नाही.

ट्यूबलेसमध्ये "सेफ्टीसाठी" ट्यूब टाकू का असे विचारतील. नको. ट्यूब घासून तापते, आणि खिळा लागला की हवा हळूहळू न जाता एकदम बसते. शेवटी बॅलन्सिंग, निदान पुढच्या चाकाचे.

स्पॅनर_आणि_चहा:
चाक गाडीतून निघते तेव्हाचे दोन-चार मुद्दे राहिले. पुढचे चाक बाहेर असताना ब्रेक लिव्हर कोणी दाबू नये, पिस्टन बाहेर येतात आणि डिस्क पुन्हा आत जात नाही. मागच्या पेडललाही तेच. पुढे एबीएसचे दातेरी चक्र आणि सेन्सर आहे, चाक त्या बाजूवर जमिनीवर टाकू नका. एक्सलवरचा बुश ज्या बाजूचा त्याच बाजूला.

मागचे चाक निघालेच आहे तर हबमधली डॅम्पर रबरं हलवून बघा. ढिली असतील तर बदला, गिअर टाकताना झटके बसतात ते त्यांच्यामुळे. बेअरिंग बोटाने फिरवा, खरखर नको. चेन लावल्यावर दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आणि ढिलाई मॅन्युअलप्रमाणे. ही पायरी सर्वात जास्त चुकते: चाक तिरके बसते, आणि दोन महिन्यांत नवीन टायर एका बाजूने झिजल्यावर दोष टायरला. एक्सलचा नट टॉर्क पान्याने.

मुलुंड_१७:
पावसात हवा दोन-चार पीएसआय कमी ठेवावी का? बरेच जण सांगतात. आणि नवीन टायर किती जपून?

भिजलेले_हेल्मेट:
कमी नाही. रस्त्यावर हवा कमी केली की मधला भाग आत दबतो, खाचा मिटतात आणि पाणी बाहेर जायला वाट राहत नाही. मॅन्युअलमध्ये किंवा गाडीवरच्या स्टिकरवर दिलेली हवा, सकाळी टायर थंड असताना. डबलसीटचा आकडा वेगळा असतो, लोणावळ्याच्या आदल्या दिवशी तो भरा. पंपाच्या मीटरवर विसंबू नका, छोटा गेज स्वतःचा ठेवा. नायट्रोजनवर पैसे घालवू नका.

पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर जोरात ब्रेक किंवा झुकवणे नको, नवीन रबराचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. म्हणून पहिला पाऊस पडायच्या आधीच बसवा, कोरड्यात रुळू द्या. गाडी धुणाऱ्याला टायरवर पॉलिश मारू देऊ नका, मारलीच तर साइडवॉलपुरती. दुचाकीला कायद्याने ०.८ मिमी खाच चालते, पण मुंबईच्या पावसासाठी मागचा २ मिमीला आला की बदलायचा. खाच मोजायचा गेज स्वस्तात मिळतो, तो मधल्या खाचेत लावा, कडेच्या नाही.

मुलुंड_१७:
शनिवारी बसवून घेतो. दोन्ही कोड बिलावर लिहून द्यायला दुकानदार तयार आहे.

टॉर्क_पाना:
बिल जीएसटीचे घ्या, टायरवरचा सिरीयल नंबरही त्यावर चढवा. वॉरंटीला तो लागतो.