मदत हवी आहे : रात्रीच्या द्राक्षगाड्यांचे जुने फोटो

नमस्कार मंडळी. १९८५ च्या आसपास दादा पिंपळगाव बसवंतहून मुंबईला रात्रीची द्राक्षगाडी चालवायचे. टाटा १२१०, लाकडी बॉडी. संध्याकाळी पेट्या भरून ताडपत्री आवळायची आणि पहाटेच्या बाजाराआधी पोचायचं. उशीर झाला की भाव पडलाच. कसारा घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचा, ब्रेक तापू द्यायचे नाहीत. क्लीनर चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा पायाशीच ठेवून जागा असायचा. दादा अजूनही हे सांगताना हात स्टिअरिंगवर असल्यासारखे धरतात.

पण त्या गाडीचा एकही फोटो घरात नाही. नाशिकच्या द्वारका, आडगाव नाका भागातल्या कुणाकडे तेव्हाच्या ट्रकांचे फोटो, बिल्ट्या (मालाच्या पावत्या) आहेत का? त्या काळचे कुणी ड्रायव्हर-क्लीनर भेटले तर मी दादांना घेऊन येईन. कृपया कळवा.