उबुंटूतील फाइली पुसल्या तरी व्हर्च्युअलबॉक्सची डिस्क लहान होत नाही

प्रश्न

माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ असून व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम) उबुंटू २२.०४ चे एक मशीन मी कामासाठी वापरतो. त्याची व्हीडीआय डिस्क (विंडोजमधील एक फाइल, जी मशीनला हार्ड डिस्क म्हणून दिसते) गरजेनुसार वाढणाऱ्या प्रकारची असून कमाल मर्यादा ८० जीबी आहे. मध्यंतरी आत डॉकरच्या (तयार पॅकेजमधून प्रोग्राम चालवणारे साधन) पुष्कळ इमेज, म्हणजे अशी पॅकेजे, साठल्या होत्या, त्या मी काढून टाकल्या. आता उबुंटूमध्ये डिस्कचा वापर दाखवणारी डीएफ ही कमांड १९ जीबी वापर दाखवते, परंतु विंडोजमध्ये मशीनच्या फोल्डरचा आकार अजूनही ६१ जीबी आहे आणि एसएसडीवर जेमतेम १२ जीबी उरले आहेत. दोन जुने स्नॅपशॉटही (मशीनची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) आहेत. मशीन पुन्हा नव्याने न उभारता ही जागा परत मिळवता येईल का?

प्रतिसाद १

इतर काही करण्याआधी स्नॅपशॉटकडे पाहावे. स्नॅपशॉट घेतल्यानंतर मूळ व्हीडीआय फाइलला हात लावला जात नाही. पुढचे सगळे लेखन वेगळ्या फाइलीत होते आणि ती स्नॅपशॉट्स नावाच्या उपफोल्डरमध्ये राहते. त्या क्षणी ज्या इमेज डिस्कवर होत्या, त्या आज तुम्ही पुसल्या तरी मूळ फाइलीत तशाच असणार, कारण मागे जायचे म्हटले तर त्या परत देता आल्या पाहिजेत.

दोन्ही स्नॅपशॉट नको असतील तर मशीन बंद करून व्हर्च्युअलबॉक्समधूनच काढा. फोल्डरमधील फाइली हाताने पुसू नका. तसे केल्यास मशीन सुरूच होणार नाही. काढताना फाइलींचे विलीनीकरण होते आणि तेवढ्यापुरती जास्त जागा लागू शकते. १२ जीबी पुरणार नाहीत असे वाटले, तर संपूर्ण मशीन आधी बाहेरच्या डिस्कवर हलवावे. प्रतही आपोआप हाती असावी म्हणून मी तर तेथे आधी एक बॅकअप घेईन.

प्रतिसाद २

वरील मुद्दा बरोबर आहे, पण स्नॅपशॉट गेल्यावरही आकार लगेच उतरेल असे नाही. फाइल पुसली की उबुंटूची फाइल सिस्टिम तो भाग स्वतःच्या नोंदीत मोकळा दाखवते. त्या भागातील जुना मजकूर मात्र तसाच राहतो आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याची काहीच कल्पना नसते. म्हणून मोकळ्या जागेत शून्ये भरावी लागतात. व्हीडीआय साधारणपणे १ एमबीच्या ठोकळ्यांनी वाढते, आणि संपूर्ण शून्य असलेला ठोकळाच नंतर वगळला जातो.

शून्ये भरण्याआधी आतला कचरा काढा: डॉकरचा बिल्ड कॅशे, म्हणजे इमेज बनवताना साठवलेला मधला मजकूर (इमेज काढल्या तरी तो उरतो, आणि बहुतेकांचे त्याकडे लक्षच जात नाही), एपीटी या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने उतरवलेली पॅकेजे, जर्नलच्या (सिस्टिमच्या घडामोडींची नोंदवही) जुन्या नोंदी. त्यानंतर उबुंटूची लाइव्ह आयएसओ (न बसवता थेट चालणारी उबुंटूची डिस्क-फाइल) मशीनला जोडून तिथून बूट करावे आणि मोकळ्या जागेत शून्ये भरणारे झीरोफ्री हे साधन बसवून मूळ विभाजनावर चालवावे. ते विभाजन माउंट केलेले (वापरासाठी जोडलेले) नसावे, किंवा केवळ वाचनासाठी माउंट असावे. मग मशीन बंद करून विंडोजमध्ये व्हीबॉक्समॅनेज या व्हर्च्युअलबॉक्सच्या कमांड-साधनाची मॉडिफायमीडियम ही कमांड, डिस्कच्या फाइलीचा पूर्ण पत्ता देऊन, फाइल आवळणाऱ्या कॉम्पॅक्ट या पर्यायासह चालवा.

डीडी कमांडने शून्यांची एक प्रचंड फाइल तयार करण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिसतो. तुमच्याकडे १२ जीबीच उरले असताना तो अजिबात मानू नका. त्यात आजवर कधीच न वापरलेल्या भागावरही लेखन होते आणि व्हीडीआय फाइल ८० जीबीच्या दिशेने फुगू शकते. झीरोफ्री मात्र आधीपासून शून्य असलेल्या ब्लॉकना स्पर्श करत नाही.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. मशीन बाहेरच्या डिस्कवर नेऊन स्नॅपशॉट काढले, झीरोफ्री आणि कॉम्पॅक्ट केले. फाइल २२ जीबीवर आली आहे. दर वेळी हे सगळे करावे लागू नये यासाठी काही उपाय आहे का?

प्रतिसाद ३

आहे. मशीन बंद असताना व्हीबॉक्समॅनेजच्या स्टोरेजअटॅच कमांडने डिस्क पुन्हा जोडा आणि त्यात नॉनरोटेशनल (डिस्क एसएसडीसारखी दाखवणारा) व डिस्कार्ड (मोकळ्या जागेची सूचना स्वीकारणारा) हे दोन्ही पर्याय चालू करा. त्यानंतर उबुंटूमध्ये एफएसट्रिम ही मोकळी जागा कळवणारी कमांड चालवली की मोकळे ठोकळे थेट व्हर्च्युअलबॉक्सला कळतात आणि व्हीडीआय फाइल आपणहून लहान होते. उबुंटूत एफएसट्रिम आठवड्यातून एकदा आपोआप चालतेच. ही सोय व्हीडीआयपुरती आहे.

उबुंटू बसवताना डिस्क एन्क्रिप्ट (सांकेतिक रूपात कुलूपबंद) केली असेल, तर मात्र आत लिहिलेली शून्ये बाहेर सांकेतिक मजकूर म्हणूनच पोहोचतात, त्यामुळे शून्ये भरून कॉम्पॅक्ट करण्याचा उपयोग होत नाही. त्या स्थितीत डिस्कार्डच्या सूचना एन्क्रिप्शनच्या थरातून पुढे जाऊ देण्याची परवानगी द्यावी लागते. डिस्कचा कोणता भाग रिकामा आहे हे त्यामुळे बाहेरून ओळखता येते, एवढे मान्य असेल तरच ती द्यावी.